रणभूमीवरून आलेली खुशाली

युद्धाचा इतिहास आपण सर्वांनीच शाळेत वाचलेला असतो. लढाई कोणत्या साली झाली, सेनापती कोण होते, तह कुठे झाला आणि कोणता मुलूख कोणाकडे गेला, एवढे पाठ केले की मार्क मिळतात. पण वाचकहो, त्या लढाईत जो साधा शिपाई उभा होता, त्याच्या घरी त्या दिवशी काय चालले होते, असा विचार तुमच्या मनात कधी आला आहे का? त्याची म्हातारी आई कोणाची वाट पाहत होती? मुलगा जिवंत आहे हे तिला कोणी सांगितले, आणि किती दिवसांनी सांगितले? सेनापतीचा खलिता सरकारी दप्तरात राहतो. शिपायाचे पत्र घरातल्या फळीवर राहते आणि एखाद्या पावसाळ्यात भिजून जाते. त्यामुळे इतिहासाच्या पुस्तकांत या प्रश्नांची उत्तरे सहसा सापडत नाहीत. ती जिथे थोडीफार सापडतात, तिकडे आज आपण जाऊ.

सुरुवात आपल्या घरापासून करू. मराठेशाहीत मोहिमेला एक ठराविक हंगाम असे. दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौज बाहेर पडे, आणि पावसाळा तोंडावर आला की पुष्कळसे शिलेदार-बारगीर पेरणीसाठी गावाकडे वळत. म्हणजे काय, तर आपला माणूस केव्हा गेला आणि केव्हा येणार, हे घरच्यांना पंचांगावरूनच कळे. खुशाली कळवणारे पत्र यावे अशी अपेक्षा कोणी करत नसे. पुढे फौजा वर्षवर्ष उत्तरेत राहू लागल्या, तेव्हा हा हिशेब बिघडला. मोठ्या सरदारांजवळ जासूद होते, त्यांची पत्रे जात-येत. काहींनी बायकामुलेच बरोबर घेतली. पानिपतावर लढणाऱ्यांच्या मानाने न लढणारेच किती होते, हे तुम्ही वाचलेच असेल. त्या मोहिमेत शत्रूने रस्ते बंद केले, दाण्यागोट्याबरोबर बातमीही बंद झाली, आणि १४ जानेवारी १७६१ चा प्रलय पेशव्यांना आधी कळला तो एका सावकारी पत्रातून. मोती गळाले, मोहरा हरवल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणतीच नाही, असा त्या पत्रातला सांकेतिक मजकूर महाराष्ट्रात आजही लोकांच्या तोंडी आहे. पण मंडळी, एक गोष्ट ध्यानात घ्या. त्यातला जो 'खुर्दा', त्यातल्या एकेका नाण्याला घर होते. त्या घरांना बातमी कळली ती मागाहून, जगून-वाचून परतलेल्या एखाद्या सोबत्याच्या तोंडून. कित्येकांना कळलीच नसेल.

इंग्रजी अमलात शिपाई समुद्रापार जाऊ लागला, आणि मग पंचांगाचा आधारही तुटला. लष्कराबरोबर टपालखाते जाण्याची पद्धत याच गरजेतून आली. १८५६ साली इराणच्या आखातातील बुशहरच्या मोहिमेवर हिंदुस्थानातून फौज गेली, तिच्याबरोबर पहिले 'फिल्ड पोस्ट ऑफिस', म्हणजे रणभूमीवरचे टपालघर गेले. तंबूतले पोस्ट ऑफिस म्हटले तरी चालेल. यातली युक्ती साधी, पण मोठी गमतीची आहे. नेहमीच्या पोस्टात पत्ता म्हणजे गाव. इथे गाव लिहायचेच नाही! शिपायाचा नंबर, नाव, पलटण आणि फौजेचे नाव, एवढाच पत्ता. आज पलटण कुठे आहे हे फक्त मुख्य टपालघराला ठाऊक. पलटण हलली की पत्रांची थैली तिच्यामागे हलते. शत्रूच्या हाती पाकीट पडले, तरी त्यावरून त्याला फौजेचा ठावठिकाणा लागत नाही. एकाच पलटणीत एकाच नावाचे आणि एकाच आडनावाचे जवान असले, तर त्यांना वेगळे ओळखायचे ते नंबरावरून. म्हणून जवानाच्या घरी मुलाचा नंबर देवाच्या नावासारखा पाठ असे, यात नवल काय?

या व्यवस्थेची खरी कसोटी लागली १९१४ साली. पहिले महायुद्ध पेटले आणि हिंदी फौजेच्या लाहोर आणि मीरत डिव्हिजन फ्रान्सकडे निघाल्या. २६ सप्टेंबर १९१४ पासून मार्सेय बंदरात हिंदी शिपाई उतरू लागले. त्यांत पंजाबी, गढवाली, गुरखे, पठाण होते, आणि आपल्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्सच्या दोन कंपन्याही होत्या. सॅपर म्हणजे पूल बांधणारा, सुरुंग लावणारा, खंदक खणणारा जवान. त्याचे काम हत्यारापेक्षा अवजाराचे. तरीही २८ ऑक्टोबर १९१४ रोजी नव्ह शापेल गावच्या लढाईत हे सॅपर संगिनी घेऊन धावून गेले आणि दोन्ही कंपन्यांची जबर हानी झाली. दख्खनच्या उन्हात वाढलेला माणूस तिथे थंडीत, चिखलात, गुडघाभर पाण्यात उभा होता. सगळ्या युद्धात मिळून फ्रान्स आणि बेल्जियममध्ये सुमारे १,४०,००० हिंदी सैनिक आणि कामकरी गेले. त्यांच्या पत्रांसाठी हिंदी तिकिटांवर 'आय. ई. एफ.' ही अक्षरे छापण्यात आली. त्यांचा अर्थ हिंदी मोहीम-फौज.

आता तुम्ही विचाराल, की हे शिपाई लिहीत कसे होते? प्रश्न अगदी रास्त आहे. १९११ च्या खानेसुमारीत हिंदुस्थानात शंभरांत जेमतेम सहा माणसांना लिहितावाचता येत होते, आणि बायकांत तर शंभरांत एकीला. फौजेत भरती व्हायची ती खेड्यातून. तेव्हा लिहिणारा निरक्षर, वाचणारी निरक्षर, आणि मध्ये सात समुद्र! तरीही १९१५ च्या सुरुवातीला फ्रान्समधले हिंदी सैनिक आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रे लिहीत होते, असा त्या वेळच्या अधिकाऱ्यांचा अंदाज आहे. हे साधत होते ते लेखनिकांमुळे. पलटणीत ज्याला अक्षरओळख असे, त्याच्याभोवती संध्याकाळी गर्दी जमे. एकाने सांगायचे, दुसऱ्याने लिहायचे. पत्र गावी पोहोचले की ते शाळामास्तरांकडे किंवा गावातल्या दुसऱ्या कोणा जाणत्याकडे जायचे. तो ते मोठ्याने वाचून दाखवणार, आणि त्या वेळी घरचे, दारचे, शेजारचे, सगळे कान देऊन बसणार.

याचा एक परिणाम झाला, तो ध्यानात घेण्यासारखा आहे. आपण ज्याला खाजगी पत्र म्हणतो, तसे हे पत्र कधीच खाजगी नव्हते. बायकोला काही सांगायचे, तर ते आधी लेखनिकाला सांगावे लागे आणि मग सगळ्या आळीने ऐकावे लागे. मग लाजराबुजरा शिपाई काय सांगणार? वडिलांना दंडवत, आईला शिरसाष्टांग, धाकट्यांना आशीर्वाद, म्हशीची चौकशी, पाऊसपाण्याची चौकशी. पत्नीचे नावसुद्धा घ्यायचे नाही, 'घरातील मंडळी' म्हटले की तिने ओळखायचे. अशा पत्रात जे लिहिले आहे ते थोडे, आणि जे लिहिलेले नाही तेच पुष्कळ. ते ऐकणाऱ्यांना समजत होते, म्हणूनच पत्र पुन्हा पुन्हा वाचून घेतले जाई.

आणि आणखी एक न बोलावलेला वाचक होता. तो म्हणजे सरकार. हिंदुस्थानात स्वातंत्र्याची चळवळ चालू होती, परदेशांतले क्रांतिकारक शिपायांपर्यंत पत्रके पोहोचवतील अशी इंग्रजांना धास्ती वाटत होती. म्हणून १९१४ च्या हिवाळ्याच्या तोंडावर फ्रान्समध्ये हिंदी टपालासाठी खास तपासणी-कचेरी उघडण्यात आली. हॉवेल नावाचा, देशी भाषा जाणणारा एक अधिकारी तिचा प्रमुख होता, आणि कचेरी पुढे बूलोन बंदरात होती. पत्रे आधी पलटणीत तपासली जात आणि मग या कचेरीत. सगळी वाचणे अशक्यच. निवडक पत्रे वाचायची, त्यांतले उतारे इंग्रजीत उतरवायचे आणि दर आठवड्याला वरिष्ठांकडे अहवाल पाठवायचा. शिपायाचे मन कसे आहे, खचले आहे की टिकून आहे, हे सरकारला त्यावरून अजमावायचे होते.

शिपायांना हे कळायला वेळ लागला नाही. मग त्यांनी काय केले? आपल्या पानिपतच्या सावकाराने जे केले तेच! त्या अहवालांतले एक पत्र प्रसिद्ध आहे. त्यात एक शिपाई घरी लिहितो की काळी मिरी संपत आली आहे, आता लाल मिरची वापरतात. काळी मिरी मात्र तिखट, लाल तिच्याएवढी जहाल नाही. वाचणाऱ्याला वाटावे की हा भटारखान्याचा हिशेब चालला आहे. पण काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई आणि लाल मिरची म्हणजे गोरा शिपाई, हे उघड होते. 'आमची माणसे फार मेली, आता इकडे भरती होऊ नका' असे सरळ लिहिले असते, तर पत्र अडले असते. या पत्राची खुबी अशी की ते तपासनिसालाही कळले, त्याने ते उतरवून ठेवले, आणि म्हणूनच आज तुमच्यामाझ्यापर्यंत आले.

दुसरी एक गोष्ट सांगतो. काही पत्रांत शिपाई घरून बिब्बे मागवत होते. बिब्बा काय चीज आहे ते आपल्याकडच्या बायकांना सांगायला नको. त्याचे तेल अंगाला लागले की कातडी सुजते, फोड येतात. खंदकातून सुटायला आजाराचे काहीतरी निमित्त हवे, आणि घरचा बिब्बा ते पुरवू शकत होता! यावरून त्या शिपायांना भेकड म्हणायचे का? जे लोक इस्पितळातून बरे झाल्यावर पुन्हा पुन्हा त्याच खंदकात पाठवले जात होते, त्यांच्याविषयी असा निकाल घरबसल्या देणे सोपे आहे. तपासनीस हॉवेलसुद्धा तसा निकाल देत नाही. १९१५ च्या आरंभी त्याने एक निराळीच नोंद केली आहे. जखमी शिपाई पत्रांत कवने करू लागले आहेत, असे तो सांगतो, आणि हे त्यांच्या मनाच्या अस्वस्थतेचे चिन्ह असावे अशी शंका व्यक्त करतो. माणूस गद्यात सांगू शकत नाही तेव्हा गाऊ लागतो. जात्यावर बसणाऱ्या आपल्या आयाबहिणींना हे कोणी शिकवावे लागले नव्हते.

जखमींपैकी बरेच जण इंग्लंडात ब्रायटन गावी होते. तिथे राजाचा जुना महाल हिंदी जखमींसाठी इस्पितळ म्हणून उघडला होता. जातधर्म पाळता यावेत म्हणून निरनिराळी स्वयंपाकघरे आणि पाण्याचे वेगवेगळे नळ होते. या महालाची चित्रे असलेली कार्डे शिपायांनी घरी धाडली. पत्रांत गोऱ्या मुलखाचे वर्णन येते ते मात्र महालापेक्षा शेताचे अधिक. इथल्या बायका नांगर धरतात, दुकान चालवतात, वर्तमानपत्र वाचतात. एका म्हाताऱ्या फ्रेंच बाईने आपल्याला मुलासारखे वागवले. आपल्याकडे पोरींना शाळेत का घालत नाहीत? अशा अर्थाची पत्रे त्या अहवालांत एक नव्हे, अनेक आहेत. खंदकात उभा असलेला निरक्षर बाप आपल्या मुलीला शिकवा म्हणून घरी निरोप धाडतो, हे मला तरी कोणत्याही लढाईच्या वर्णनापेक्षा मोठे वाटते. पत्र दुसऱ्याकडून लिहवून घेताना आणि वाचून घेताना मनातले मनात राहते, याची आच त्याला लागली होती. शाळेची किंमत त्याला कोणी समजावून सांगायला नको होती.

पत्राबरोबर, किंबहुना पत्राच्या आधी, ज्याची वाट पाहिली जायची ती मनिऑर्डर. १८८० सालापासून टपालखात्याने मनिऑर्डरीचे काम अंगावर घेतले होते. १९१४ साली साध्या शिपायाचा पगार महिना ११ रुपये. त्यातला ठरावीक भाग कुटुंबाच्या नावे तोडून देण्याची सोय होती. सातारा, रत्नागिरी, कुलाबा या भागांतल्या खडकाळ शेतीवर ज्यांचे भागत नव्हते, त्यांना या पैशाची किंमत विचारा. सावकाराचे व्याज, सारा, बैल, बहिणीचे लग्न, सगळे त्यावर. आणि खुशालीचे सर्वांत खात्रीचे पत्रही तेच! पत्रात 'मी सुखरूप आहे' असे लिहिलेले असते, पण ते लिहून झाल्यावर काय झाले असेल कोण जाणे. मनिऑर्डर येते आहे तोवर सरकारच्या लेखी आपला माणूस हयात आहे, असा साधा हिशेब घरची माणसे मनाशी मांडत.

१९१५ च्या अखेरीस हिंदी पायदळ फ्रान्समधून हलवले गेले. घोडदळ १९१८ पर्यंत तिथे राहिले. पण मराठी घरांच्या दृष्टीने या युद्धातली सगळ्यांत काळजीची जागा दुसरीच होती. ती म्हणजे मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक. आपल्या लोकांनी त्याला 'बसरा' एवढेच नाव ठेवले होते. तैग्रिस नदीच्या काठी कुत-अल्-अमारा या गावात जनरल टाउनशेंडची फौज तुर्कांनी ७ डिसेंबर १९१५ पासून कोंडली. त्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. वेढा २९ एप्रिल १९१६ पर्यंत चालला. अन्न संपले. विमानांतून धान्य टाकण्यात आले, पीठ दळायला जात्याच्या तळ्यासुद्धा टाकल्या गेल्या. घोड्याचे मांस खावे की नाही यावर हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची मते मागवावी लागली. बिनतारी यंत्र चालू होते, म्हणून सेनापती सरकारशी बोलू शकत होता. शिपायाला मात्र घरी दोन ओळी धाडण्याची नेहमीची वाट बंद होती. शेवटी फौजेने शरणागती पत्करली आणि सुमारे तेरा हजार माणसे कैद झाली. त्यांना वाळवंटातून पायी चालवत नेण्यात आले. वाटेत आणि छावण्यांत हजारो दगावले. कित्येकांचा पुढे ठावठिकाणाच लागला नाही.

या कैद्यांत कल्याणकुमार मुखर्जी नावाचे एक बंगाली लष्करी डॉक्टर होते. ते रणभूमीवरून आईला बंगालीत पत्रे लिहीत. लढाई जवळून पाहिलेला हा माणूस सुरुवातीच्या उत्साहाकडून युद्धाच्या तिटकाऱ्याकडे कसा गेला, ते त्या पत्रांत पायरीपायरीने दिसते. १९१७ साली ते कैदेतच वारले. पुढे त्यांच्या आजीने, मोक्षदादेवींनी, नातवाची ती पत्रे जपून, त्यांच्या आधाराने त्याचे चरित्र लिहिले. 'कल्याण-प्रदीप' या नावाने ते १९२८ साली छापले गेले. एका वृद्ध बाईने हे केले, म्हणून तो आवाज राहिला. कुतच्या वेढ्यातल्या मराठी शिपायांच्या घरी असे लिहिणारे कोणी नव्हते. पण त्या घरांची अवस्था काय झाली असेल, याचा विचार करून पाहा. पत्र नाही, मनिऑर्डरीचा नेम नाही, आणि मेल्याची तारही नाही. घरातल्या सुनेने कुंकू लावायचे की पुसायचे? लेकराला बाप आहे असे सांगायचे की होता असे सांगायचे? 'बेपत्ता' हा शब्द कागदावर लिहायला सोपा आहे. त्या घरात रोज सकाळी उठून त्याच्याशी झुंजावे लागत असे.

याच युद्धातली एक हकीकत आवाजाची आहे. बर्लिनच्या दक्षिणेला वुन्सडॉर्फ येथे जर्मनांनी हिंदी कैद्यांची एक छावणी ठेवली होती. तिथे भाषाशास्त्रज्ञ मंडळी ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन गेली. त्यांना अभ्यासासाठी निरनिराळ्या भाषांचे नमुने पाहिजे होते. ११ डिसेंबर १९१६ रोजी पंजाबातल्या एका शीख कैद्याला त्यांनी यंत्रापुढे उभे केले. तो बोलला जेमतेम दीड-दोन मिनिटे, पण काय बोलला? एक माणूस होता, तो हिंदुस्थानात लोणी खात होता, दूध पीत होता. तो इंग्रजांच्या नोकरीला लागला आणि युद्धात आला. आता त्याला हिंदुस्थानात परत जायचे आहे. गेला तर त्याला तेच अन्न मिळेल, इथे आणखी दोन वर्षे राहिला तर तो मरेल. 'मी' हा शब्द त्याने टाळला. पत्राचा रस्ता बंद असलेल्या माणसाने जणू यंत्रालाच पत्र सांगितले, आणि लेखनिकाला सांगताना जो आडपडदा ठेवायचा तो इथेही ठेवला. ती मुद्रिका बर्लिनच्या विद्यापीठात आजही जपलेली आहे. त्याच्या घरच्यांनी ती कधी ऐकली नसणार. आकाशवाणीशी ज्यांचे नाते आहे, त्यांनी तरी ही हकीकत विसरू नये.

दुसऱ्या महायुद्धात पद्धती बदलल्या. अंतर तेच, पण विमान आले. पत्रांचे वजन विमानाला झेपेना, तेव्हा १९४१ पासून 'एअरग्राफ' नावाची युक्ती निघाली. पत्राचा फोटो काढून तो चिमुकल्या फिल्मवर घ्यायचा, शेकडो पत्रांची एक गुंडाळी विमानाने धाडायची, आणि पोहोचल्यावर पुन्हा कागदावर छापून वाटायची. एरिट्रियातले केरेन, उत्तर आफ्रिका, इटली अशा ठिकाणी मराठा पलटणी लढल्या. इटलीतच १० जुलै १९४४ रोजी नाईक यशवंत घाडगे यांनी आणि ९ एप्रिल १९४५ रोजी शिपाई नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. जाधव अहमदनगर जिल्ह्यातल्या आपल्या माणसांत परत आले. घाडगे यांच्या, आज रायगड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यातल्या, घरी पदक आले, माणूस आला नाही. याच सुमारास काळजीची दिशाही उलटली. १९४३ साली बंगालात दुष्काळ पडला, देशभर धान्य महागले, आणि रणभूमीवरचा जवान घरी विचारू लागला, 'तुम्ही जेवता आहात ना?' तपासनिसांच्या अहवालांत ही चिंता पुन्हा पुन्हा नोंदलेली आहे. आघाडी कुठली आणि पिछाडी कुठली, असा प्रश्न पडावा अशी ती वेळ होती.

स्वातंत्र्यानंतर फौज आपली झाली, पण टपालाची ती जुनी युक्ती आपण टाकली नाही. जवानाच्या पत्त्यातले '५६ ए. पी. ओ.' किंवा '९९ ए. पी. ओ.' हे शब्द लष्कराशी नाते असलेल्या प्रत्येक घराला ठाऊक आहेत. १ मार्च १९७२ रोजी लष्करी टपालसेवेचे स्वतंत्र दल झाले. विविधभारतीवरच्या 'जयमाला' कार्यक्रमाने जवानाच्या फर्माइशीचे गाणे त्याच्या ठाण्यावर नेले, आणि तेच गाणे त्या घटकेला त्याच्या घरीही वाजत असे. १९९९ मध्ये कारगिलला लढाई झाली, तेव्हाही शिखरांवरून पत्रे खाली येत होती. आज जवानाच्या खिशात फोन असतो. जिथे त्याचा उपयोग करता येतो तिथे तो आपल्या तान्ह्या मुलीचा चेहरासुद्धा पाहू शकतो. ही सोय फार मोठी आहे, तिला नाके मुरडण्याचे काही कारण नाही. एवढेच ध्यानात ठेवावे, की बोललेले वाऱ्यावर जाते, लिहिलेले राहते.

आणि राहण्याचीच गोष्ट निघाली म्हणून शेवटी एक सांगतो. पहिल्या महायुद्धातल्या शिपायांच्या त्या हजारो पत्रांपैकी पुष्कळशी ज्या घरी पोहोचली तिथेच नाहीशी झाली. आज अभ्यासकांना जी वाचायला मिळतात, ती बहुतेक तपासनिसाच्या अहवालांतली, इंग्रजीत उतरवलेली, लंडनच्या ग्रंथालयात ठेवलेली. १९९९ साली त्यांतल्या निवडक पत्रांचे पुस्तकही निघाले. म्हणजे शिपायाचे शब्द राखले ते त्यांच्यावर पहारा करणाऱ्याने! त्यांतही पंजाबचा आवाज मोठा आहे, कारण तिथली भरती मोठी होती. मराठी शिपाई तिथे फारच थोडा बोलतो. सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचे गाव आहे. 'अपशिंगे मिलिटरी' असेच त्याला म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले, त्यांचा स्मृतिस्तंभ गावात आहे. फ्रान्समध्ये नव्ह शापेल येथेही १९२७ साली स्मारक झाले, त्यावर ज्यांची कबर सापडली नाही अशा चार हजार सातशेहून अधिक हिंदी सैनिकांची नावे आहेत. दगडावर नाव राहते, आकडा राहतो. त्या माणसाला म्हशीची आठवण येत होती की मुलीच्या शाळेची, हे दगड सांगत नाही. ते फक्त पत्र सांगते.

तेव्हा वाचकहो, तुमच्या घरात कोणी फौजेत गेलेले असेल, आजोबा, पणजोबा, चुलते, कोणीही, तर माळ्यावरची जुनी ट्रंक एकदा खाली काढा. शाई उडालेले एखादे कार्ड, मनिऑर्डरीचे एखादे कुपण, नाव कोरलेली काशाची तबकडी, असे काही सापडले तर ते रद्दीत घालू नका. अक्षर लागत नसेल तर लावणाऱ्याला दाखवा, त्याची नक्कल करून ठेवा, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा की हे पत्र आले त्या दिवशी घरात काय झाले होते. त्यांना सांगता येते आहे तोवर विचारा. ते उत्तर कोणत्याही दप्तरात नाही.